चालकाचे झाकण

१

अण्णांच्या घरात कुठल्याही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघराच्या दारालासुद्धा. आत कोणी असेल तर त्याने बाहेरच्या मुठीला टॉवेल टांगायचा, आणि टॉवेल टांगायला विसरणाऱ्याने पुढे जे होईल ते निमूट सोसायचे, असा घरचा नियम होता. पाहुणे बिचकत. आई होती तेव्हा ती ते हसण्यावारी नेई. बारा वर्षे रणगाडा चालवलेला माणूस आहे, बंद झाकणाखाली बसायची त्याची हौस फिटली आहे, एवढेच ती सांगे. याहून अधिक तिलाही ठाऊक नसावे. अण्णांनी सैन्यातल्या दिवसांबद्दल कधी ताकास तूर लागू दिली नव्हती.

मुलीजवळ त्या बारा वर्षांतली एकच गोष्ट होती. ती सायकल शिकत असताना अण्णा मागून धावत आणि तिला बोटांनी दिशा सांगत. डाव्या खांद्यावर दाब आला की डावीकडे वळायचे, उजव्यावर आला की उजवीकडे, आणि पाठीच्या मधोमध आला की थांबायचे. "आत इंजिनाचा इतका आवाज असतो की शब्द ऐकू येत नाहीत," ते म्हणाले होते. "वर बसलेला पायाने बोलतो. चालकाने मान वळवायची नाही, फक्त ऐकायचं."

ती मुलगी आता सत्तेचाळीस वर्षांची होती आणि वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. दुकानांतली, कारखान्यांतली, औषधशाळांतली वजने खरी आहेत की खोटी, हे ती ठरवी. सहकारी तिला पाठीमागे 'काटेबाई' म्हणत. ते तिला माहीत होते आणि मनातून आवडतही होते. आकडा दोनदा सारखा आल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नसे.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बोटे सावकाश हलू लागली. जीभ हलली नाही. शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. दर गुरुवारी सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या बाई येत. दोघी मिळून कमरेच्या पट्ट्याला धरून, एक-दोन-तीन म्हणत अण्णांना पलंगावरून उठवत, जमिनीवरच्या सपाट काट्यावर क्षणभर उभे करत आणि मग खिडकीपाशी खुर्चीत बसवत. एकटीच्याने उचलणे होण्यासारखे नव्हते; इतर दिवशी ती त्यांना फळीवरून खुर्चीत सरकवून घेई. काटा चार महिने छप्पन किलो दोनशे ग्रॅम दाखवत होता.

बोटांना बारीक काम द्या, मणी ओवायला द्या, असे बाईंनी सुचवले.

"मणी दिले तर ते मलाच फेकून मारतील," ती म्हणाली.

"मारू देत की. तोही व्यायामच."

पण तिच्या मनात दुसरेच आले. अण्णांच्या हाताला ओळखीचे काहीतरी लागले तर कदाचित तोंडही उघडेल. तिला एक शब्द हवा होता. कुठलाही. शिवी चालली असती.

२

छंदाच्या वस्तूंचे दुकान एका अरुंद जिन्याखाली होते. कपाळावर चष्मा चढवलेल्या दुकानदाराने तिला आधी अर्धा तास बसवून घेतले आणि मग डबा दिला. पहिलाच रणगाडा, तेव्हा सुटे भाग कमी असलेला घ्या. चाकांवरचा पट्टा कडी-कडी जोडायचा नको, अखंड रबराचा असू द्या. प्रमाण एकास पस्तीस. तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत जोडून येतात तिच्यावरून ओरबाडायचे नाहीत, कटरने तोडायचे, पॉलिश पेपरने घासायचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे. गोंद लावण्याआधी प्रत्येक तुकडा कोरडाच बसवून पाहायचा. ती हे सगळे वहीत उतरवून घेत होती, हे पाहून त्याला हसू फुटले.

"ताई, नवशिक्यांची चूक एकच असते. घाई. तुमच्याकडून ती व्हायची नाही."

जाता जाता त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. हा पातळ गोंद नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतो. वाळल्यावर दोन तुकडे उरतच नाहीत, एकच होतो. आणि या डब्यातल्या रणगाड्याला आतले काही नाही, ना आसने ना यंत्र, तेव्हा झाकणे बंदच चिकटवा. उघडी ठेवली की पोकळपणा दिसतो आणि सगळी मजा जाते.

रविवारी दुपारी खिडकीपाशी टेबल मांडले गेले. डब्यावरचे चित्र पाहताच अण्णांनी वाकडे बोट उचलून पुढच्या भागातल्या एका लहान झाकणावर ठेवले आणि बराच वेळ ते तिथेच ठेवले. चालकाची जागा, हे तिने सूचनापत्रकात वाचले. मग कामाला लागली. पहिल्या रविवारी तिने चार चाके उलटी बसवली, आणि अण्णा अर्ध्या तोंडाने हसले. गोंद लागलेला तिचा अंगठा मागच्या पत्र्यावर कायमचा उमटला, तेव्हाही हसले. दुसऱ्या रविवारी ती तुकड्याचा क्रमांक शोधू लागे, त्याआधीच चिमट्यात धरलेला तो तुकडा अण्णांच्या थरथरत्या हातात तयार असे. किती महिन्यांनी घरात हसू ऐकू आले होते. संध्याकाळी भांडी घासताना ती स्वतःशीच गुणगुणत होती.

तिसऱ्या रविवारी धडाचा वरचा भाग बसला. त्यावर टरेट, म्हणजे तोफेसह फिरणारा वरचा घुमट, हलकेच बसला. तो इतका सैल होता की फुंकरीनेही वळे. उरली तीन झाकणे, दोन टरेटवरची आणि एक चालकाचे. तिने ब्रश गोंदात बुडवला आणि अण्णांनी तिचे मनगट पकडले.

लुळ्या हाताने. त्या हातात एवढा जोर आहे, हे तिला माहीत नव्हते.

"अण्णा, हात सोडा. आत काही नाहीये. उघडं ठेवलं तर पोकळ दिसेल."

त्यांनी डाव्या मुठीने टेबलावर मारले. एकदा, मग पुन्हा. तिला वाटले, हा हट्ट आहे, आणि आजारी माणसाचा प्रत्येक हट्ट पुरवायचा नसतो. तिने त्यांची बोटे एकेक करून सोडवली, जशी लहान मुलाची सोडवतात, आणि तिन्ही झाकणे बंद केली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. गोंदाच्या वासानेही डोळ्यांना पाणी येते. तिने खिडकी उघडली.

रंग देण्याआधी सवयीने तिने रंग मिसळायच्या लहान काट्यावर रणगाडा ठेवला. दोनशे एक्केचाळीस ग्रॅम साठ शतांश. वहीत लिहून ठेवले.

३

सोमवारी कामावरून आल्यावर ती रंगकामाला बसली आणि पुन्हा एकदा वजन पाहिले. दोनशे त्रेचाळीस, तेवीस.

तिने रंगाचा ब्रश खाली ठेवला. कालपेक्षा एक ग्रॅम त्रेसष्ट शतांश जास्त. गोंद वाळताना उडून जातो, वजन कमी व्हायला हवे. हवेतला दमटपणा प्लास्टिक पीत नाही. काटा चुकत असणार, असे तिने धरले आणि प्रयोगशाळेतून स्वतः तपासलेले शंभर ग्रॅमचे पितळी वजन आणले. काट्याने शंभर दाखवले. दोनदा.

मंगळवारी दोनशे चव्वेचाळीस, सत्त्याण्णव. बुधवारी दोनशे शेहेचाळीस, छत्तीस.

गुरुवारी पहाटे आकडा तोच होता; वाढ थांबली होती. हेच तिला सर्वांत खटकले. धूळ बसत असती तर बसत राहिली असती. ही वाढ तीन ठरावीक पायऱ्यांनी झाली होती, कोणीतरी एकामागून एक आत शिरून जागेवर बसावे तशी. हे वाक्य मनात आले तसे तिने ते खोडले. वहीत तिने फक्त तीन फरक लिहिले: एक त्रेसष्ट, एक चौऱ्याहत्तर, एक एकोणचाळीस.

तिने रणगाडा कानाशी धरून हलवला. काही वाजले नाही. पोकळ वस्तूत काही सुटे असेल तर ते वाजते. जे वाजत नाही, त्याने आतून कशाला तरी धरून ठेवलेले असते. हेही तिने लिहिले नाही.

टरेट आता फुंकरीने वळत नव्हता.

४

गुरुवारी व्यायामाच्या बाईंनी अण्णांचा सदरा उतरवला आणि त्या थबकल्या. मग अंगणात कपडे वाळत घालायला मदत करते, असे म्हणून त्यांनी तिला बाहेर नेले. शब्द जुळवायला त्यांना जड जात होते, हे दिसत होते. काकांना उठवताना घरात दुसरे कोणी हात लावते का, असे त्यांनी आधी विचारले. नाही म्हटल्यावर खाली पाहत म्हणाल्या,

"ताई, थकायला होतं, मी समजू शकते. पण त्यांच्या खांद्यांवर वळ आहेत. दोन्हीकडे. जोरात दाबल्यासारखे."

तिचा चेहरा तापला. आपण कोणाला कशाची सफाई देतो आहोत, हेच तिला कळेना. आत जाऊन तिने स्वतः पाहिले. दोन्ही खांद्यांवर, मानेच्या थोडे बाहेर, एकेक निळसर वर्तुळ होते. बोटांचे वळ लांबट असतात. हे गोल होते. टाचेएवढे.

त्या दुपारी रजा टाकून ती अण्णांसमोर बसून राहिली. घड्याळाची टिकटिक, नळाचे ठिबकणे, शेजारच्या घरातला मिक्सर. अण्णा टेबलावरच्या रणगाड्याकडे पाहत होते. पावणेचारला त्यांचा डावा खांदा खाली दबला. झटका येतो तसा नव्हे. सावकाश, वरून कोणी भार टाकावा तसा, आणि सदऱ्याचे कापड तिथे आत गेले. अण्णांचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि काहीतरी धरून डावीकडे ओढल्यासारखे वळले. मग उजवा खांदा. मग पुन्हा डावा. त्यांनी मान वळवली नाही. चालकाने मान वळवायची नसते.

तिने वही ओढली. तिची बुद्धी अजून जागेवर होती, आणि बुद्धीला काम दिले की भीती थोडी मागे सरते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता. एकास पस्तीस. लांबी पस्तीसपट, रुंदी पस्तीसपट, उंची पस्तीसपट. वजन पस्तीसचा घन. बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तर. तिने एक ग्रॅम त्रेसष्टला तेवढ्याने गुणले. एकोणसत्तर किलो नऊशे. दुसरा चौऱ्याहत्तर किलो सहाशे. तिसरा, बारीक चणीचा असावा, एकोणसाठ किलो सहाशे.

रणगाड्यात माणसे चार असतात, हे सूचनापत्रकाच्या पहिल्याच पानावर होते. तिघे वर टरेटमध्ये, आणि चालक खाली, पुढे, एकटा. त्याला स्वतःचे वेगळे झाकण.

तिने अण्णांकडे पाहिले. वरची दोन झाकणे तेव्हा उघडली नसावीत; अण्णांचे उघडले होते.

५

शुक्रवारी सकाळी, ऊन टेबलावर आलेले असताना, तिने अण्णांना तिथूनच दिसेल असा रणगाडा ठेवला आणि पात्याच्या बारीक सुरीने टरेटवरची दोन झाकणे कापायला घेतली. वितळून एक झालेले प्लास्टिक सहज सुटत नाही. दीड तास लागला. मधेच पाते मोडले. अण्णा श्वास रोखून बसले होते.

पहिले झाकण सुटले तसे आतून काहीच आले नाही. अंधार, कोऱ्या प्लास्टिकचा करडा रंग, साच्याची एक रेघ. रिकामे. तिला हसू येऊ घातले. मग तिने झाकण उलटे करून भिंगाखाली धरले.

आतल्या बाजूला, कडेच्या गोंदावर, ओरखडे होते. केसांहून बारीक, चार-चारच्या जुडग्यांत, सगळे बाहेरच्या दिशेने ओढलेले. एके ठिकाणी ते इतके एकावर एक पडले होते की प्लास्टिक झिजून उजेड आरपार दिसत होता.

तिने झाकण बशीत ठेवले. दुसरे कापले. ते उलटे करून पाहिले नाही.

"निघाले," अण्णा म्हणाले.

आवाज खरखरीत होता, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण शब्द स्वच्छ होता. ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली. सगळे विसरून रडली. मग डोळे पुसून, कापलेल्या झाकणांसह रणगाडा काट्यावर ठेवला. दोनशे एक्केचाळीस, छप्पन. चार शतांश कापताना भुकटीत गेले असणार. हिशेब जुळला. दोनदा सारखा आला.

अण्णांनी बोट उचलून चालकाच्या झाकणाकडे दाखवले. तोंड हलत होते, दुसरा शब्द येत नव्हता.

"तिथे कोणी नाही, अण्णा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत इतक्या मायेने बोलली नव्हती. "वजन पाहिलं मी. जे होते ते गेले. ते कापलं तर सगळा पुढचा भाग फुटेल."

बोट बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी ते मिटून घेतले. तिने त्यांच्या पायांवर पांघरूण सारखे केले आणि व्यायामाच्या बाईंना फोन लावला, एक शब्द बोलले हे सांगायला. बोलता बोलता तिच्या लक्षात आले की, मागे दाराच्या चौकटीत कोणीतरी उभे असावे तसे आपण वळून पाहिले. कोणी नव्हते. दार उघडे होते. या घरात दारे उघडीच असत.

६

पुढचे पाच दिवस बरे गेले. अण्णांचे वळ फिके पडले. त्यांनी दुसरा शब्द उच्चारला नाही, पण ते शांत होते, जरा अधिकच शांत. घरात मात्र गर्दी झाल्यासारखे तिला वाटे. जिन्यावर ती नकळत अंग चोरून चढे. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या रोज सकाळी किंचित मागे ओढलेल्या दिसत. तिने त्या आत सरकवल्या आणि फरशीच्या उताराला दोष दिला.

गुरुवारी सकाळी बाईंचा निरोप आला की अर्धा तास उशीर होईल. अण्णा पलंगावर टक्क जागे होते, चादर ओली झाली होती, तेवढा वेळ थांबवणे बरे दिसेना. निदान बसते करू, म्हणून तिने कमरेचा पट्टा धरला आणि एक-दोन-तीन म्हणत जोर लावला.

ती जवळजवळ मागे कोसळली. अण्णा वर आले होते. सदऱ्यासकट, पांघरुणासकट, सुक्या कपड्यांची चळत उचलावी तसे. त्यांचे डोळे उघडे होते. छाती हलत होती. अंग कोमट होते. तिने त्यांना जमिनीवरच्या काट्यावर उभे केले. हा काटा पाय पडला की आपोआप उजळतो. तो उजळला नाही. तिने त्यांना कवेत घेतले आणि स्वतः वर चढली. काटा उजळला. एकसष्ट किलो चारशे. हे तिचे वजन होते. तिचे एकटीचे.

आपण त्यांना खुर्चीत कसे ठेवले, हे तिला नंतर आठवले नाही. टेबल चार पावलांवर होते.

टरेट वळला होता. तोफेची नळी आता बरोबर चालकाच्या झाकणावर आडवी आली होती, दाराला अडसर घालावा तशी. तिने रणगाडा काट्यावर ठेवला. दोनशे बेचाळीस, सत्त्याऐंशी. गुणाकार करायची गरज नव्हती, तरी तिने केला. एक ग्रॅम एकतीस शतांश. छप्पन किलो दोनशे.

चालकाच्या झाकणापुढे पाहण्याची एक काच असते. डब्यात तेवढाच एक तुकडा पारदर्शक होता, तांदळाच्या दाण्याहून लहान. तिने भिंग धरले. काच आतून धुरकटली. मग स्वच्छ झाली. मग पुन्हा धुरकटली. मागे खुर्चीतून श्वासाचा आवाज येत होता, त्याच लयीत. तिने मोजायला सुरुवात केली, कारण दुसरे काही येत नव्हते. दोन धुरकटण्यांमधले अंतर चार सेकंद होते. मग पाच. मग सात.

तिने बोटाने नळी बाजूला ढकलली. ती हलली नाही. नखाने ढकलली, अंगठ्याने ढकलली. तिच्या करंगळीहून बारीक प्लास्टिकची नळी, आणि ती हलली नाही.

तोडायला हवी. नळी तोडायची, झाकण फोडायचे, पुढचा भाग फुटला तर फुटू दे. एवढे साधे होते. तिने कटर उचलले आणि त्याची दोन पाती नळीच्या दोन्ही बाजूंना बसवली. काच धुरकटली. नऊ सेकंद झाले होते.

तेव्हा तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, सावकाश, वरून, एक टाच टेकली.

तिने मान वळवली नाही. आणि तिचा हात थांबला.